वातकुक्कुटाच्या जागी उंदीर : ईम गाव आणि तेथील संग्रहालय

रामबाग, लोकमान्यनगर या आमच्या इंदुरातील मराठी वस्त्यांमध्ये मुलगा किंवा मुलगी इंग्लंडात नोकरीला असलेली घरे आता थोडी नाहीत, आणि इकडे उन्हाळा तापू लागला की अशा घरांतील वडीलधारी मंडळी दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. पहिल्या खेपेस लंडन उरकते. प्रश्न दुसऱ्या खेपेचा असतो. आमची पहिली खेप एका प्रवासी कंपनीच्या हवाली केलेली होती आणि तिने नऊ दिवसांत आम्हाला इतकी स्थळे दाखवली की परतल्यावर छायाचित्रे पाहूनही कोणता किल्ला कोठला हे सांगता येईना. म्हणून या वेळी शेफील्डला धाकट्या बहिणीकडे उतरल्यावर मी, माझी पत्नी आणि ऐंशी पार केलेली आमची आत्या अशा तिघांनी ठरवले की दिवसाला एकच गाव पाहायचे आणि ते पायी पाहायचे. त्यांपैकी डर्बीशायरच्या डोंगराळ भागातील, सतराव्या शतकातील प्लेगच्या साथीसाठी ओळखले जाणारे ईम हे गाव आणि तेथील लहानसे संग्रहालय यांविषयी येथे लिहीत आहे. इंग्रजी स्पेलिंग पाहून कोणीही ‘एयाम’ म्हणेल, पण बसच्या चालकाला तसे सांगितल्यास तो क्षणभर गोंधळतो. स्थानिक उच्चार ‘ईम’ असाच आहे.

संग्रहालय गावाच्या वरच्या अंगाला हॉकहिल रोडवर, एका जुन्या मेथडिस्ट प्रार्थनाघराच्या इमारतीत १९९४ साली सुरू झाले. क्लॅरेन्स डॅनियल या स्थानिक अभ्यासकाने आयुष्यभर जमवलेला संग्रह त्याच्या मुळाशी आहे आणि कारभार स्वयंसेवक पाहतात. आत शिरण्यापूर्वी मान वर करून छपराकडे अवश्य पाहावे, कारण वाऱ्याची दिशा दाखवण्यासाठी इतर इमारतींवर जेथे धातूचा कोंबडा असतो तेथे या इमारतीवर उंदीर बसवलेला आहे. आत्या तो उंदीर पाहून थबकली. “उंदीर पडू लागले की घर सोडून रानात जायचे, एवढे आमच्या आजीला अक्षर न येताही ठाऊक होते,” ती म्हणाली. “इथल्या माणसांना ते सांगणारे कोणी नव्हते का रे?” पुढचे चार तास आम्ही या प्रश्नाचे उत्तर शोधत हिंडत होतो असे म्हटले तरी चालेल, आणि हे संग्रहालय मला आवडले ते त्या प्रश्नाचे सोपे उत्तर ते देत नाही म्हणून.

हकिकत अशी आहे. १६६५च्या उन्हाळ्यात लंडन प्लेगने ग्रासलेले असताना तेथून कापडाची एक पेटी ईममधील शिंप्याच्या घरी आली. कापड दमट होते म्हणून जॉर्ज विकर्स या कामगाराने ते विस्तवापाशी वाळत घातले, त्यातील पिसवा जाग्या झाल्या आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी विकर्स मरण पावला. हिवाळ्यात साथ मंदावली, वसंतात पुन्हा उसळली. जून १६६६मध्ये गावाचा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, सर्व धर्मगुरूंनी एकच प्रार्थनापुस्तक मानावे असे सांगणाऱ्या १६६२च्या कायद्याने पद सोडावे लागलेला प्युरिटन (कडव्या सुधारणावादी पंथाचा) धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली या दोघांनी मिळून गावकऱ्यांपुढे तीन गोष्टी ठेवल्या. प्रत्येक घराने आपला मृत आपणच, घराजवळच्या जमिनीत पुरावा. चर्चची बंदिस्त वास्तू सोडून उपासना कक्लेट डेल्फ या उघड्या घळीत, एकमेकांपासून अंतर राखून करावी. आणि गावाची हद्द कोणी ओलांडू नये. अन्नधान्य हद्दीवरील दगडांपाशी ठेवले जाई, त्याची किंमत व्हिनेगर भरलेल्या खळग्यांत टाकलेल्या नाण्यांनी चुकवली जाई, आणि चॅट्सवर्थहून डेव्हनशरच्या अर्लनेही रसद पुरवली. १ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटचा मृत्यू झाला. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चौदा महिने गेले.

या सर्वांना आपण कशाशी लढत आहोत याची कल्पना नव्हती, हे पाहताना सतत लक्षात ठेवावे लागते. रोगाचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडला १८९४ साली, आणि तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत पोहोचतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले १८९८ साली, तेही कराचीत. म्हणजे ईमच्या लोकांनी एकमेकांपासून राखलेले अंतर त्यांना घरातील पिसवेपासून वाचवू शकत नव्हते. किंबहुना घरातच राहण्याने काही कुटुंबांचा धोका वाढला असावा. आत्याच्या आजीचे शहाणपण या बाबतीत त्यांच्यापेक्षा सरस होते. आपल्याकडे प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे शेतात झोपड्या घालून राहत, घरे उघडी टाकत, आणि उंदीर मरण्याचे थांबल्यावरच परत येत. गाव सोडणे आणि गावात बसून राहणे यांत इतर गावांना कोणते अधिक हितकारक आणि आपल्या घराला कोणते, हा हिशेब दोन्हीकडे वेगळा लागतो. ईमने शेजाऱ्यांच्या बाजूने तो लावला.

हा हिशेब सर्वांनी सारख्या मोकळेपणाने लावला असे मात्र नाही, आणि इमारतीतून बाहेर पडून गावात फिरू लागल्यावर तो बारकावा हळूहळू उलगडतो. ज्यांना जमण्यासारखे होते अशी काही सधन माणसे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसनने स्वतःची दोन मुले हद्दबंदीपूर्वीच बाहेर पाठवली होती. त्याची पत्नी कॅथरीन मात्र नवऱ्याजवळ राहिली आणि ऑगस्ट १६६६मध्ये गेली. चर्चच्या आवारातील तिची कबर आजही दाखवली जाते. या कुटुंबाविषयी पुढच्या काळात फार गहिवरून लिहिले गेले, त्यामुळे अलीकडच्या इतिहासकारांनी एक रास्त शंका काढली आहे: ईमच्या स्वार्थत्यागाची आज आपल्याला ठाऊक असलेली कथा कितपत सतराव्या शतकातील आहे आणि कितपत पुढच्या दीडदोनशे वर्षांतील भाविक लेखकांनी घडवलेली आहे? मृतांचा आकडा साधारणपणे २६० सांगितला जातो. पूर्वीचे लेखक गावाची वस्ती ३५०च धरत, म्हणजे चारांतील तिघे गेले असा अर्थ होई. आता ती सातशेच्या आसपास असावी असे मानले जाते, म्हणजे तिघांतील एक गेला. दोन्ही आकडे भयंकरच आहेत, परंतु त्यांच्यातील फरक लहान नाही, आणि संग्रहालयात जाणाऱ्याने तो मनात ठेवून जावे.

संग्रहालयातील मांडणी साथीच्या क्रमाने पुढे सरकते: पुतळ्यांच्या साहाय्याने उभे केलेले प्रसंग, फलक, त्या काळचे उपचार, आणि अखेरीस शिशाच्या खाणी व गावातील इतर उद्योग यांवरचा भाग. या शेवटच्या भागापाशी लोक रेंगाळत नाहीत, तरी तो चुकवू नये, कारण प्लेगच्या आधी आणि नंतर अनेक शतके या गावाचे पोट त्या शिशाने भरले. उपचारांपैकी मार्गारेट ब्लॅकवेलची दंतकथा आत्याला विशेष लागली. तापाने होरपळलेल्या या मुलीने दूध समजून डुकराच्या चरबीचे भांडे तोंडाला लावले आणि ती बरी झाली म्हणे! आत्याने पदर तोंडावर धरला आणि “मग मी नसते वाचले” एवढे म्हणून ती पुढच्या फलकाकडे वळली. एकटी व्यक्ती सर्व वाचत गेली तर तासभर पुरेसा होतो. आम्हाला फलक मराठीतून सांगत जावे लागल्याने दीड तास लागला. वृद्ध माणसे बरोबर असतील तर कोणा एकाने आदल्या रात्री घरी ही हकिकत सांगून ठेवावी, म्हणजे आत उभ्याने भाषांतर करावे लागत नाही.

तथापि या भेटीचा गाभा इमारतीत नाही. तो मुख्य रस्त्यावरील चर्चच्या शेजारच्या दगडी घरांसमोर आहे, जेथे प्रत्येक दाराजवळ हिरव्या पाट्या लावलेल्या आहेत. शिंप्याच्या घराची पाटी वाचा. मेरी हॅडफील्ड येथे आपले दोन मुलगे, दुसरा नवरा आणि कामगार विकर्स यांच्यासह राहत होती. विकर्स ७ सप्टेंबरला गेला. चार वर्षांचा एडवर्ड २२ सप्टेंबरला, बारा वर्षांचा जोनाथन २ ऑक्टोबरला, नवरा अलेक्झांडर पुढच्या वर्षी ३ ऑगस्टला. मेरी एकटी उरली. विशेषण एकही नाही. नाव, वय, तारीख. आपल्याकडील स्मारकांवर संगमरवरात कोरलेली भारदस्त वाक्ये वाचण्याची सवय झालेल्या माणसाला ही काटकसर सुरुवातीला कोरडी वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दारापाशी पोहोचेपर्यंत ती सहन होईनाशी होते. त्या घरांत आजही लोक राहतात. एका खिडकीत कुंड्या होत्या, दुसऱ्या दारात लहान मुलाची सायकल पडलेली होती. तेव्हा पाट्या वाचताना आवाज खाली ठेवावा आणि काचांतून आत डोकावू नये, हे सांगायला नको होते, परंतु आमच्यापुढे असलेल्या एका जथ्याचे वागणे पाहिल्यानंतर सांगावेसे वाटते.

गावापासून थोडे पूर्वेला रायली येथे शेताच्या मधोमध दगडी भिंतीच्या कुंपणात हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. ऑगस्ट १६६६च्या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉकने नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. तेथपर्यंतचा चढ आत्याला झेपणार नाही म्हणून ती आणि माझी पत्नी खाली बाकावर थांबल्या, आणि मी व बहीण वर गेलो. बहीण वाटेत काही बोलली नाही, कुंपणापाशी उभे राहिल्यावर म्हणाली, “दादा, खणायला शिकवलं कोणी असेल तिला?” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिशेला, स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर, अर्ध्या तासाच्या चालीवर हद्दीचा दगड आहे. त्यावरील सहा खळगे आजही दिसतात, आणि जाणारे-येणारे त्यांत सुटी नाणी टाकतात. आम्ही गेलो तेव्हा पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात रुपयाचेही एक नाणे होते.

या भटकंतीसाठी आम्ही एका माणसाला पैसे देऊन वाटाड्या म्हणून घेतले होते, आणि त्यानंतर माझे मत असे झाले आहे की ईममध्ये वाटाड्याची गरज नाही. त्याने एमट सिडल आणि रोलंड टॉर यांची प्रेमकथा अशा थाटात सांगितली की जणू तो घळीच्या काठावर उभा राहून पाहत होता: ती ईमची, तो शेजारच्या गावचा, दोघे दुरून एकमेकांना पाहत, एक दिवस ती आली नाही, वगैरे. चर्चमध्ये प्लेगच्या आठवणीसाठी १९८५ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत हे युगुल आहे, त्यामुळे कथेला अधिकृत शिक्का मिळाल्यासारखे होते. परंतु एमटचा मृत्यू एप्रिल १६६६मधला आणि गावाची हद्दबंदी जूनमधली, एवढे एक साधे वजाबाकीचे गणित मी विचारले असता त्या गृहस्थांनी हवामानाविषयी बोलणे सुरू केले. मार्शल हाऊ याची हकिकत मात्र मला अधिक खरी वाटते, कारण तीत कोणी फार मोठा होत नाही. स्वतः आजारातून उठल्यामुळे आपल्याला पुन्हा लागण होणार नाही असे धरून तो इतरांचे मृतदेह पुरण्याचे काम करी आणि मोबदल्यात मृताच्या घरातील वस्तू उचली. पुढे त्याच ऑगस्टमध्ये त्याची पत्नी आणि मुलगा गेले.

चर्चचे आवार स्वतंत्र अर्धा तास मागते. तेथे आठव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन दगडी क्रूस आहे, भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे ज्यावर दूरदूरच्या नगरांची नावेही कोरलेली आहेत, आणि आमच्यासारख्या होळकर क्रिकेट संघाच्या आठवणींवर वाढलेल्यांना खिळवून ठेवील असा एक दगड आहे. हॅरी बॅगशॉ हा डर्बीशायर परगण्याचा खेळाडू आणि पुढे पंच; तो १९२७ साली वारला. त्याच्या कबरीवर उडालेल्या यष्ट्या कोरल्या आहेत आणि वरच्या बाजूला पंचाचे वर उचललेले बोट. माझे वडील सी. के. नायडूंना यशवंत क्लबच्या मैदानावर पाहिल्याचे जन्मभर सांगत; त्यांना हा दगड दाखवता आला असता तर, असे वाटून गेले.

या गावातील सर्वांत नामांकित व्यक्ती मात्र प्लेगच्या गर्दीत मागे पडते. कवयित्री ॲना सीवर्ड १७४२ साली येथे जन्मली. वडील थॉमस सीवर्ड येथील धर्मगुरू होते. लहानपणीच ती लिचफील्डला गेली आणि पुढे ‘लिचफील्डची हंसी’ म्हणून गाजली. तिच्या मृत्यूनंतर तिच्या कवितांचे संपादन वॉल्टर स्कॉटने केले, यावरून तिचे तत्कालीन वजन लक्षात यावे. रिचर्ड फर्नेस हा दुसरा कवी १७९१ साली येथेच जन्मला. वाङ्मयात रस असणाऱ्यांनी त्यांच्यासाठी थोडे आधी वाचून जावे, कारण प्लेगचे फलक पाहता पाहता ही नावे डोळ्यांआड होतात. ईम हॉल हा राइट घराण्याचा दगडी वाडा प्लेगनंतर पाच-सहा वर्षांतच उभा राहिला. त्याच्या समोरच्या हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवण्याचा जुना खोडा आहे. मॉम्पेसन स्वतः पुढे नॉटिंगहॅमशरमधील ईक्रिंगला गेला, आणि तेथील लोक त्याच्या वाऱ्यालाही उभे राहण्यास घाबरत असल्याने त्याला काही काळ गावाबाहेर झोपडीत राहावे लागले असे सांगतात. हे ऐकून आत्याचे समाधान झाले. शेवटी झोपडीतच गेला ना, असे तिने दोनदा म्हटले.

इंदूरच्या वाचकाला या उंदराची ओळख आणखी एका वाटेने आहे, आणि त्याची आठवण मला तेथेच झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारच्या कामासाठी इंदुरात होते. त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. शहर प्लेगने वारंवार बेजार होत असताना त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत अधिक साफसूफ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे आधी जाहीर केले, आणि मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाबरोबर प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळाही नेऊन शेवटी जाळला. २०१७पासून सलग स्वच्छतेचे पारितोषिक मिळवणाऱ्या आमच्या शहरात त्या मिरवणुकीचा रस्ता कोणता होता हे दाखवणारी एखादी पाटी माझ्या पाहण्यात नाही. पुण्यात १८९७ साली सोल्जरांनी घरांत शिरून घेतलेल्या झडत्या, त्याच वर्षीचा साथरोग कायदा, आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यू हे सर्व आपण शाळेत शिकलो. परंतु कोणत्या गल्लीतील कोणत्या घरातून कोण गेले हे आपल्या आजीपणज्यांबरोबर संपले. ईममधील ते चर्चच्या नोंदवहीमुळे टिकले.

जाण्याविषयी थोडे. शेफील्डहून बसने जाता येते आणि वाट मोरलँडच्या उघड्या माळावरून जात असल्याने तीही पाहण्यासारखी आहे. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी वेळा तपासून घ्याव्यात. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी संग्रहालय, पाट्यांची घरे आणि चर्च एवढेच करावे. हे तिन्ही एकाच रस्त्याच्या अंतरात आहे. रायली आणि हद्दीचा दगड यांसाठी पकड असलेले जोडे हवेत, कारण वाट ओली असते. आमची सर्वांत मोठी चूक दिवसाची निवड ही होती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कक्लेट डेल्फमध्ये प्लेगच्या स्मरणार्थ उघड्यावर उपासना होते, आणि त्याच सुमारास गावातील विहिरी व झरे फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात: ओल्या मातीच्या थरावर एकेक पाकळी दाबून चित्र उभे करतात, आपल्या रांगोळीची आठवण व्हावी अशा चिकाटीने. आम्ही आठ दिवस आधी गेलो. विहिरीपाशी मातीने लिंपलेल्या रिकाम्या चौकटी टेकवून ठेवलेल्या होत्या, आणि दोन वृद्ध स्त्रिया वर्तमानपत्रावर पाकळ्या रंगांप्रमाणे निवडत बसल्या होत्या. आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. परतीची बस यायच्या आत तिने पिवळ्या पाकळ्यांचा एक ढीग निवडून दिला.